तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा समूह स्पर्धेत का नसतो

समूहगान स्पर्धेचं परिपत्रक आलं की आठवडाभरात कोणीतरी मला जिन्यात गाठतं. "बाई, यंदा तरी उतरणार ना?" पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, जुन्या विद्यार्थिनी फोनवर विचारतात. दुसऱ्या शाळांतले संगीतशिक्षक जरा आवाज खाली घेऊन विचारतात, घरात कोणी आजारी असल्यासारखं. मी आजवर "बघू", "वेळ कमी पडतो", "यंदाची मुलं लहान आहेत" अशी उत्तरं दिली. तिन्ही खोटी. नऊ वर्षं ती आलटून पालटून वापरून झाली, आता एकदा लिहूनच टाकते.

ढाली किती आणि कुठल्या सालच्या, ते कार्यालयाबाहेरच्या कपाटात सगळ्यांना दिसतं. त्यावर बोलत नाही. स्पर्धा म्हणजे कलेचा बाजार वगैरे भाषणही मी करणार नाही. ते करायचा मला अधिकारच नाही, कारण माझी नोकरी त्याच ढालींनी धरून ठेवली. गणिताच्या बाईंना कोणी विचारत नाही की यंदा गणिताचा शाळेला काय फायदा झाला. समूहगानाच्या बाईंना तो हिशोब दरवर्षी द्यावा लागतो, आणि ढाल हा असा हिशोब आहे की तो वाचावा लागत नाही, लांबूनच दिसतो. पहिली ढाल आली त्या वर्षी मला आठवड्याचे दोन तास वाढवून मिळाले. तिसरीनंतर स्वतःची खोली. तोवर आम्ही प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात गायचो. तिथली लोखंडी बादली कोणी सरकवली की तिचा सूर पेटीच्या काळी एकला लागतो, हे माझ्या त्या वेळच्या मुलांना अजून आठवत असेल.

तर, तो मुलगा. नाव लिहीत नाही.

रचना तीन आवाजांची होती. खालचे दोन आवाज सूर धरून राहायचे आणि त्यांच्यावरून एकट्याचा आवाज तार गंधारापर्यंत चढायचा, तिथे दोन मात्रा थांबायचा आणि सावकाश उतरायचा. पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला षड्ज मानून गायचं तो, पांढरी चार. मुलगा तेरा वर्षांचा, अबोल, सरावाला नेहमी पाच मिनिटं आधी येऊन पेटीचा भाता उघडून ठेवणारा. त्याचा तो गंधार लागला की मी पुढचा इशारा द्यायला विसरायचे.

स्पर्धेला तीन आठवडे असताना त्या सुरात हवा मिसळायला लागली. मुलांचे आवाज रोज ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं. सूर बरोबर असतो, पण त्याच्या कडेने श्वास ऐकू येतो, आणि जी ओळ एका दमात व्हायची तिच्यात मध्येच दम घ्यावा लागतो. आवाज फुटताना आधी घोगरेपणा येतो असा समज आहे. खरं तर आधी वरचे सूर पातळ होतात. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि सगळं आटोपेपर्यंत मुलाचा बोलण्याचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली आलेला असतो. जॉन कुक्सी या अमेरिकन संगीतशिक्षकाने 1970 च्या दशकात याचे टप्पे मांडून दाखवले. क्रम साधारण ठरलेला, वेग प्रत्येकाचा निराळा. हे मला एका शिबिरात शिकवलं होतं. माझ्या वहीत ते माझ्याच अक्षरात आहे, खाली लाल रेघ मारलेली. म्हणजे "तेव्हा मला माहीत नव्हतं" ही वाट मला बंद आहे.

मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन सुरांनीच उतरतो. माझा कधी बदलला ते माझ्या आईलाही सांगता येणार नाही. काल होता तो गळा आज नाही, हे मला पुस्तकातूनच ठाऊक. ही सबब म्हणून सांगत नाही. की सांगतेय, कोण जाणे.

पट्टी का उतरवली नाही, असं जाणकार विचारतील. त्याला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते खोटं नाही. पांढरी दोनवर आलो असतो तर त्याचा गंधार सुटला असता, पण खालच्या आवाजातला मंद्र पंचम इतका खाली गेला असता की दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गळ्यातून सुराऐवजी नुसती कुजबुज आली असती. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. पेटीवर साथ करणाऱ्या सरांनीही मान डोलावली. जे सांगितलं नाही ते असं, की खालचा आवाज नव्याने बांधता आला असता. दोन संध्याकाळींचं काम. मी ते केलं नाही, कारण पांढरी चारला ती रचना लखलखायची आणि पांढरी दोनला नुसती बरी वाटायची. आणि बरी वाटणाऱ्या रचनेला दुसरा क्रमांक मिळतो.

तीन दिवस आधी सराव संपल्यावर तो मागे रेंगाळला. म्हणाला, "बाई, वरचा सूर दुपारी लागतो, पण सकाळी नाही लागत."

मी कागद आवरत होते. म्हटलं, "आपला नंबर दुपारीच येतो."

याच्यावर तो काय म्हणणार? तो "बरं" म्हणाला. एवढं मोठं वाक्य तो माझ्याशी त्या वर्षात पहिल्यांदा बोलला होता, हे मला कितीतरी नंतर लक्षात आलं.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरायचा. आमची चिठ्ठी दुसरी निघाली. सकाळचे साडेनऊ.

सुरुवात सुंदर झाली, हे मुद्दाम नोंदवते. खालचे दोन आवाज असे एकजीव झाले होते की कुठला कोणाचा ते मलाही कळेना. मी त्याच्याकडे पाहून उजवा हात वर नेला. तो रिषभापर्यंत आला, गंधाराला हात घातला आणि आवाज मधोमध फाटला. एक चिरका तुकडा वर उडाला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एक सप्तक खाली, कोणा दुसऱ्याच माणसाचा आवाज. हसू फुटलं. पहिलं हसू प्रेक्षकांतून आलं नव्हतं, ते आमच्याच मधल्या रांगेतून आलं होतं.

त्याने गाणं सोडलं नाही. उरलेली ओळ त्या खालच्या आवाजात, अगदी सुरात, उतरवून षड्जावर आणली. माझा हात तोवर वरच होता, तार गंधाराच्या उंचीवर. एवढीशी गोष्ट मला सुचली नाही, की हात खाली घ्यावा आणि त्याला दाखवावं की तू जिथे आहेस तिथे मी आहे. समूह चालवणाऱ्याचं सगळं काम म्हणजे तेवढंच तर आहे.

दीड गुणाने दुसरे आलो. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, "एकल स्वर अस्थिर". बसमध्ये बसल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, "छान गायलात रे. थोडक्यात गेलं."

बसमध्ये चौतीस मुलं होती आणि ते थोडकं म्हणजे काय, हे चौतीसही जणांना माहीत होतं. तो खिडकीशी बसला होता. सूर फाटला याचं मला आता फारसं वाटत नाही. तो त्या महिन्यात कधीतरी फाटणारच होता. ते दोन शब्द मात्र माझेच होते, त्यांना कुठल्या वयाचा दोष देता येत नाही.

पुढच्या सरावाला तो आला, गाण्याची वही पेटीवर ठेवली आणि गेला. मी हाक मारली नाही. मनात आलं, बरं झालं, आता तसाही त्याचा उपयोग नव्हता. हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

तुम्हाला वाटेल, म्हणून मी स्पर्धा सोडली. तसं झालं असतं तर गोष्ट चांगली दिसली असती. मी त्यानंतर आणखी चार वर्षं उतरले आणि त्यातली तीन जिंकले.

जिंकले कशी, ते सांगते. मी मुलं निवडताना त्यांच्या पँटी बघायला लागले. घोट्याच्या वर गेलेली दिसली की समजायचं, हा उंच होतोय, याचा भरवसा वर्षभराचाही नाही. बोलता बोलता वडिलांची उंची विचारायची. गळा कितीही गोड असो, फुटायच्या बेताला आलेला मुलगा नको. आणि याला शास्त्राचा आधारही मिळतो, हवा तसा. गाणं शिकवणारे मॅन्युएल गार्सिया, ज्यांनी 1854 मध्ये छोट्या आरशाने गळ्यातले स्वरतंतू पाहिले, त्यांचं म्हणणं होतं की आवाज फुटत असताना मुलाने गाऊच नये. लंडनचे घशाचे डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी म्हणत, जपून गायलं तर काही बिघडत नाही. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. मी दोघांनाही कामाला लावलं. मुलगा हवा होता तेव्हा मॅकेन्झी, नको झाला तेव्हा गार्सिया. "तुझ्या गळ्याच्या भल्यासाठीच सांगते, दोन वर्षं विश्रांती घे." दोन वर्षांनी परत आलेला एकही मुलगा मला आठवत नाही.

चौथ्या वर्षी ढाल घेतानाचा फोटो आला. त्यात एकतीस मुली होत्या आणि पुढच्या रांगेत तीन लहानगे मुलगे. फोटो बघून मुख्याध्यापिका सहज म्हणाल्या, "आपल्या शाळेत मुलगे गात नाहीत वाटतं." मी "हो ना" म्हणाले. त्या वर्षीनंतर मी अर्ज भरला नाही.

हंगेरीचे संगीतकार कोदाय यांचं एक म्हणणं दर शिक्षकदिनाला कोणीतरी मला पाठवतं. बुडापेस्टच्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा किश्वार्दासारख्या लहान गावात गाणं कोण शिकवतं हे जास्त महत्त्वाचं, असं त्यांनी 1929 मध्ये लिहिलं होतं. पाठवणारे तिथेच थांबतात. पुढचा भाग असा आहे, की वाईट संचालक एकदाच पडतो, पण वाईट शिक्षक तीस वर्षं पडत राहतो आणि मुलांच्या तीस तुकड्यांमधलं संगीताचं प्रेम मारून टाकतो. माझी सव्वीस झालीत.

दोन वर्षांपूर्वी तो मला भेटला. चांगला उंच झालाय, आवाज भरदार. मी जमवून ठेवलेलं सगळं बोलायला लागले, पट्टीपासून बसपर्यंत. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो बाई, त्यापायी नाही सोडलं. मला फुटबॉलच्या संघात घेतलं होतं, सराव एकाच वेळी असायचा." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाहीत."

आता यातलं काय धरायचं? माझं मन राखायला तो बोलला असेल. किंवा खरंच फुटबॉल असेल, आणि मी माझ्याच अपराधाभोवती इतकी वर्षं एकटीच फेऱ्या घालत असेन. दुसरं मला जास्त लागतं, हे कबूल करते. पहिल्यात निदान मी महत्त्वाची तरी होते.

न उतरण्याची किंमत मी एकटीने भरलेली नाही, हेही लिहायला हवं. वाढवून मिळालेले दोन तास गेले. खोलीत आता संगणक आहेत, व्हरांडा परत आमचा. एका मुलीने शाळा सोडताना मला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्यामुळे आम्हाला मोठं स्टेजच मिळालं नाही." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि समूह पूर्वीसारखा गात नाही. पेटीशिवाय एक अख्खं गाणं म्हटलं तर शेवटाला आम्ही अर्धा सूर खाली आलेलो असतो. तारीख डोक्यावर असताना मी हे आठवड्यात काढून टाकलं असतं. आता म्हणते, उद्या बघू. जुनी मी समोर उभी राहिली तर विचारेल, हे सौजन्य आहे की आळस? तिला माहीत असलेली मुलं चोख गायची. तिला माहीत नसलेली कुठे गेली ते मी तिला विचारीन. त्यावर ती म्हणेल, तुझ्या समूहात सगळे आहेत, पण ऐकतंय कोण? इथे आमचं दोघींचं भांडण दर वेळी थांबतं.

आपण पाखराला कंठ फुटला म्हणतो आणि मुलाचा आवाज फुटला म्हणतो. पहिलं फुटणं पालवीचं, दुसरं मडक्याचं. मी अर्धी नोकरी दुसऱ्या अर्थावर काढली.

यंदा समूहात बावीस मुली आणि सतरा मुलगे आहेत, त्यातल्या सहांचे आवाज सध्या फुटताहेत. प्रत्येकाचे लागणारे सूर मी दर सोमवारी तपासून वहीत मांडते. एकाला गेल्या आठवड्यात पाचच सूर होते, म्हणून त्या पाच सुरांत त्याची ओळ बांधली. या सोमवारी त्याला वरचा पंचम लागेना, पण खाली एक धैवत नवीन सापडला, तोही डळमळता. त्याला फार आनंद झाला. मला संध्याकाळी सगळी ओळ खोडून परत लिहावी लागली.

परिपत्रक परवा आलंय. त्याच मुलाने विचारलं, "बाई, यंदा उतरायचं का?"

अर्ज ड्रॉवरमध्ये आहे. त्यात पट्टी लिहायला एक रकाना असतो.