संध्याकाळचे साडेपाच

आमच्या शेजारचे एक काका जन्मठेप भोगून गावी परतले, त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी अजूनही ते संध्याकाळी साडेपाचलाच जेवतात. कारागृहात बराकींना कुलपे लागण्याआधी, उजेडातच, रात्रीचे जेवण वाटून होते. ती वेळ इतक्या वर्षांत पोटाच्या अंगवळणी पडली, हे समजण्यासारखे आहे. मला खटकते ते वेगळेच. आठवडी बाजारात काकांना काय घ्यावे ते ठरवता येत नाही. वांगी उचलतात, परत ठेवतात, आणि शेवटी पिशवी काकूंच्या हाती देऊन बाजूला उभे राहतात.

प्रतिशोध, जरब, समाजाचे संरक्षण आणि सुधारणा हे शिक्षेचे चार उद्देश कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. पहिले तीन भिंतीने साधतात, निदान साधल्यासारखे वाटतात. (शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती, यावर जरब अधिक अवलंबून असते, असे गुन्हेशास्त्राचे अभ्यासक सांगत आले आहेत, तरी संताप उसळला की आपण मागणी करतो ती शिक्षा वाढवण्याचीच.) सुधारणेचे तसे नाही. कधी उठावे, काय खावे, कोणाशी बोलावे, यांपैकी काहीही स्वतः ठरवू न देता एखाद्याला जबाबदार नागरिक कसे करायचे, हे कोडे भिंतीने सुटत नाही. कैदी तुरुंगाच्या रीती, भाषा आणि परावलंबन हळूहळू कसे अंगी बाणवतो, हे डोनाल्ड क्लेमर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्येच मांडले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर तुरुंग अंगात मुरतो.

आणि तो मुरण्यासाठी दोष सिद्ध व्हावा लागतो असेही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. ज्यांची शिक्षाच ठरलेली नाही त्यांच्या बाबतीत शिक्षेचा उद्देश कोणता, असा प्रश्नही विचारता येत नाही. पुढची तारीख केव्हा, जामीन होईल का, या अनिश्चिततेत मात्र मन झिजत राहते.

याहून निराळी वाट आपल्याकडेच निघाली होती. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. उंच भिंत नाही. बंद्याने बायकामुलांसह राहायचे आणि शेती कसायची. पाणी केव्हा द्यायचे, बैल आजारी पडला तर काय करायचे, पोराचा ताप उतरत नसेल तर रात्रीच कोणाला उठवायचे, असे निर्णय जिथे रोजचे असतात, तिथे सुधारणा हा शब्द मला प्रथमच खरा वाटतो.

पण खुल्या कारागृहाचे दार सहसा उघडते ते निवडक पक्क्या कैद्यांनाच, आणि तेही शिक्षेचा काही भाग बंद कारागृहात चांगल्या वर्तणुकीने काढल्यानंतर. म्हणजे सांगितले तेवढेच करण्याची सवय आधी पक्की व्हावी लागते, आणि मग ती मोडण्याची संधी मिळते. काकांना तीही मिळाली नाही. ते बंद कारागृहातून थेट एस.टी. स्टँडवर आले.