तुम्ही विचारलंत म्हणून: सारखं पाण्यात पडण्यात कसली मजा?

बँकेच्या काउंटरवर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि कराडला गेले की माहेरच्या सोप्यात, एक प्रश्न ठरलेला. कुणीतरी माझा तो फोटो पाहिलेला असतो. केशरी लाइफ जॅकेट घालून मी विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर वाकलेली आणि शीड माझ्या डोक्यावर कोसळायच्या बेतात. "सारखं पाण्यात पडायचं, चढायचं, पुन्हा पडायचं. यात मजा कसली?" वहिनी त्याला शेपूट जोडते, "तेही पन्नाशीला टेकल्यावर?"

उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हसून वेळ मारून नेते. आज रविवार आहे, वारा साफ पडलाय आणि तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

आधी हे प्रकरण आहे काय ते. विंडसर्फिंगची फळी शिकणाऱ्यांसाठी चांगली रुंद असते, दारापेक्षा थोडी मोठी म्हणा. तिच्या मधोमध डोलकाठी, पण ठोकून बसवलेली नाही. खाली एक लवचिक सांधा असतो, त्यामुळे काठी चारी दिशांना कलते, गोल फिरते आणि सोडली की सरळ पाण्यात आडवी होते. काठीला शीड, आणि शिडाच्या दोन्ही अंगांनी वळसा घेतलेला एक दांडा, त्याला बूम म्हणतात. तो दोन्ही हातांनी धरायचा. बस्. कोळ्याच्या होडीला निदान सुकाणू असतं, इथे तेही नाही. बसायला जागा नाही, बांधायला दोर नाही. शीड उभं राहिलं तर ते तुम्ही धरलंय म्हणून.

माझी पणजीला बदली झाली त्याला अकरा वर्षं झाली. पहिली सहा वर्षं मी करंझाळ्याच्या किनाऱ्यावर फक्त चालत होते, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तिथेच एका संध्याकाळी शाळेतली दोन पोरं या फळ्यांवरून भर्रकन येताना दिसली. पुढच्या शनिवारी मी शिकवणाऱ्या मुलासमोर उभी. वय चव्वेचाळीस, पोहणं कृष्णेत शिकलेलं, बाकी पात्रता शून्य.

पहिले तीन शनिवार मी फळीवर उभी राहायचे, वाकून दोरीने शीड ओढायचे आणि पाठ धरून पाण्यात पडायचे. तो मुलगा काठावरून ओरडायचा, "मॅडम, ओढू नका, उचला!" मला काही केल्या फरक कळेना. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं तेव्हा त्याच्यावर पाणी साचलेलं असतं. तुम्ही हिसका मारलात की शिडासकट ते सगळं पाणी उचलायला जाता. कमरेचा काटा ढिला होईल, शीड हलणार नाही.

चौथ्या शनिवारी ते शीड उचलताना एकदम प्रीतिसंगमाचा घाट आठवला. दिवाळीआधी आई गोधड्या धुवायला न्यायची. भिजलेली गोधडी पाण्यातून ओढायला गेलं की ती आपल्यालाच आत घेते. आई आधी एकच कोपरा धरायची, हळूच वर घ्यायची आणि थांबायची. पाणी आपल्या आपण निथळून जायचं आणि मग अख्खी गोधडी मुकाट्याने वर यायची. मी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, दोरीवर नुसतं अंग मागे टाकलं आणि थांबले. शिडाची कड वर आली, तिच्याखाली वारा शिरला, पाणी सळसळत खाली गेलं. बाकीचं शीड दोन हात दोरी सरकवत वर आलं, जवळजवळ फुकट.

मग बूम धरला. पुढचा हात, मागचा हात, मागचा जरासा आत ओढायचा, दार लोटून घेतो तसा. आणि फळी चालू लागली. इंजिन नाही, वल्हं नाही, आवाज नाही. बोटांना शिडातला ताण कळत होता. गाय दोरीने धरून नेताना ती कुठल्या बाजूला वळणार हे हाताला आधी कळतं, तसा. मोजून चाळीस सेकंद असतील. वहिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या चाळीस सेकंदांत आहे.

वळायचं कसं? अंगाने. डोलकाठी मागे कलवली की फळीचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे कलवली की वाऱ्यापासून लांब. कारण साधं आहे. शिडावरचा वाऱ्याचा रेटा मागे सरकला की तो फळीचं शेपूट ढकलतो, पुढे सरकला की नाक ढकलतो. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाहीच. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं, घाटातल्या रस्त्यासारखं नागमोडी. हे पाठ करून होत नाही. हात-पाय शिकतात आणि डोक्याला उशिरा कळवतात.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, पण सांगायला हवी. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतात? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून गार वारा आत येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो, जमिनीवरून समुद्राकडे, तो मतलई. मला परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी मिळाले होते. एवढं असून जानेवारीतल्या एका सकाळी साडेसातला, शिकवणारं कुणी नसताना, मी एकटी फळी घेऊन पाण्यात उतरले. समुद्र कसा पाटावरच्या पाण्यासारखा शांत, मागून मंद वारा. फळी काय सुंदर निघाली! दहा मिनिटांनी मागे पाहिलं तर किनाऱ्यावरच्या माणसांचे नुसते ठिपके झाले होते. परत वळायला गेले तर वारा तोंडावर, आणि तिरकं वर चढणं तेव्हा मला येत नव्हतं. पडले, चढले, पडले, दर वेळी आणखी थोडी आत. शेवटी शीड आडवं टाकून फळीवर बसले आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिले. जाळी ओढून परतणारी एक होडी आली. त्यातल्या म्हाताऱ्या माणसाने बिडी न काढता विचारलं, "बाय, खंय वतात?" कुठे निघालात! अरबस्तान, म्हणावंसं वाटलं. त्यांनी दोर टाकला. किनाऱ्याला लागेपर्यंत कुणी काही बोललं नाही, हे त्यांचे उपकार.

तेव्हापासून मी दुपारीच जाते. मार्च ते मेमध्ये दोन-अडीचनंतर खारा वारा धरतो, चुकलात तरी तो तुम्हाला किनाऱ्यावरच आणून टाकतो. पावसाळ्यात तो समुद्र आमच्यासाठी नाही. तेव्हा फळी जिन्याखाली आणि मी आल्याचा चहा घेऊन खिडकीत.

लोक आणखी एक विचारतात, हे एवढं छान आहे तर सगळे का करत नाहीत? एके काळी करत होते. पेनसिल्व्हानियातल्या न्यूमन डार्बीने 1964 च्या सुमारास शीड लावलेली फळी बनवली आणि 1965 मध्ये एका अमेरिकी मासिकात ती कशी करायची हे लिहिलं. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात जिम ड्रेक या विमानांच्या इंजिनिअरने आणि हॉयल श्वाइट्झरने फिरत्या सांध्याची, बूमची फळी पाण्यात घातली, 1968 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. नंतर इंग्लंडमध्ये या पेटंटवरून खटला झाला तेव्हा निघालं काय, तर 1958 मध्ये हेलिंग आयलंडवर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या पोराने असलंच काहीतरी जोडून चालवलं होतं! तिथलं पेटंट 1985 मध्ये रद्द ठरलं. मला त्या पोराचं फार कौतुक वाटतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी हॉलंड, जर्मनी, फ्रान्समध्ये याचं अक्षरशः वेड पसरलं. शिडाच्या नौकेला धक्का लागतो, क्लब लागतो, जोडीला माणूस लागतो. ही फळी मोटारीच्या टपावर बांधायची, गावच्या तळ्यावर न्यायची, हलक्या वाऱ्यात घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने पडायचं. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पुरुषांसाठी आणि 1992 मध्ये बार्सिलोनाला बायकांसाठी हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. हाँगकाँगला तर आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक यातच मिळालं, तेही सुवर्ण. 1996 मध्ये, ली लाय-शान नावाच्या मुलीने मिळवलेलं.

मग ओहोटी का लागली? कारणं बरीच सांगतात. माझं मत विचाराल तर हा खेळ जोरदार वाऱ्याच्या नादी लागला. फळ्या आखूड होत गेल्या, इतक्या की वारा नसेल तर माणसासकट बुडायच्या. मासिकांत फोटो फक्त हवाई बेटांच्या लाटांवर उडणाऱ्यांचे. तळ्याकाठच्या कुटुंबाला वाटलं, हे आपलं काम नव्हे. पुढे पतंगाने ओढत नेणारं काइटसर्फिंग आलं आणि तरुण पोरं तिकडे गेली. आता ऑलिंपिकची फळी पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाते आणि हवेतून चालते. 2024 च्या स्पर्धेत मार्सेयच्या समुद्रावर तशीच होती. बघायला डोळे दिपतात. आपल्याकडे 2023 मध्ये हांगचौच्या एशियाडमध्ये इबाद अलीने कांस्य आणलं, गोव्याची कात्या आणि डेन कुएल्यो ही भावंडं देशातर्फे उतरतात. पण साहित्य बहुतेक बाहेरून येतं आणि महाग पडतं, त्यामुळे किनाऱ्यावर आम्ही बोटांवर मोजण्याइतकेच.

जोराच्या वाऱ्याला मी नावं ठेवतेय खरी, पण पूर्ण खरं सांगायचं तर एकदा मीही चाखलाय. गेल्या एप्रिलमध्ये पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला. वाऱ्याचा झोत येतो तेव्हा पाण्याचा रंग असा बदलतो. मी कमरेच्या पट्ट्याचा हूक बूमच्या दोरीत अडकवला, अंग मागे टाकलं आणि झोत लागला. फळीखाली जी थप थप थप चालते ती एकाएकी बंद झाली. तिच्या जागी नुसता सुस्स आवाज, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. फळी पाण्यातून वर येऊन पृष्ठभागावर घसरू लागली होती. नामिबियात ल्युडेरित्झला मुद्दाम खणलेल्या चरात आंत्वान आल्बो या फ्रेंच विंडसर्फरने 2015 मध्ये 53.27 नॉट गाठले, म्हणजे ताशी जवळजवळ 99 किलोमीटर. माझा वेग एखाद्या स्कूटरएवढाही नसेल. मी मोठ्याने ओरडले एवढं आठवतं, काय ओरडले ते आठवत नाही. आणि मग अर्थातच पडले, अशी की शिडावरून पलीकडे.

तर वहिनी, मे महिन्यात येणारच आहेस तर दुपारी अडीचला तयार राहा. अंगात जुना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाल, नाहीतर जॅकेटने काखा सोलतात. कॅनव्हासचे टाकाऊ बूट आण, खडकांवर कालवं असतात, तळवा सुरीसारखा कापतात. पाण्यातून वर येताना आधी एक हात डोक्यावर धरायचा, काठी पडली तर हातावर पडू दे. आणि चष्म्याला दोरी बांध. माझे दोन तिथेच आहेत.