दोन कोरडे बोअर आणि चार हजार आठशे रुपये

गेल्या मे महिन्यात लातूरच्या आमच्या सोसायटीच्या समितीने आठ दिवसांत दोन बोअर घेतले. पहिला साडेचारशे फुटांपर्यंत आणि दुसरा सहाशे फुटांपर्यंत गेला, पण दोन्हींतून शेवटपर्यंत धुरळाच निघाला. महिनाअखेरीस प्रत्येक घराच्या देखभाल बिलात ‘बोअर खर्च – ४,८०० रुपये’ अशी ओळ आली. चोवीस घरांचे मिळून ते १,१५,२०० रुपये होतात. हा खर्च करण्यापूर्वी सभासदांची सभा झालेली नव्हती.

या शहराने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले आहे. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. तो उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांना टाकीचा तळ दिसू लागला की धीर राहत नाही, म्हणून पाण्यासाठी धावपळ करणाऱ्या समितीच्या हेतूवर मी संशय घेत नाही. अध्यक्षांनी तर बोअरच्या गाडीची आगाऊ रक्कम स्वतःच्या खिशातून भरली होती. तरीही त्यांचे चुकले, असे माझे ठाम मत आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, पंचवीसपर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती दुरुस्ती-देखभालीवर एका वेळी २५,००० रुपयांपर्यंतच खर्च स्वतःच्या अधिकारात करू शकते. त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. विशेष सभेसाठी पाच पूर्ण दिवसांची सूचना पुरते. म्हणजे पहिला बोअर कोरडा गेल्यावर, दुसरा घेण्याआधी, सभा बोलावायला वेळ होता. तेवढ्या वेळात कोणीतरी भूजलाच्या जाणकाराला बोलावा, असेही म्हणाले असते; प्रत्यक्षात तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर दोन्ही जागा ठरल्या.

बिल आल्यावर तळमजल्यावरचे काका जिन्यातच सचिवांना म्हणाले, “अहो, खड्डा खांदायच्या आधी इचारलं असतं तर मी नाही म्हणलो असतो का?” सचिव गप्प राहिले. काकांचा राग पैशांपेक्षा या न विचारण्याचा आहे, हे मला तेव्हा कळले, कारण लिफ्टचा खर्चही ते कधी थकवत नाहीत. लिफ्ट वापरा किंवा वापरू नका, तिचा खर्च इमारतीतल्या सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा, हा नियम सुरुवातीला त्यांना पटला नव्हता. पण सभेत त्यावर बोलणे झाले, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले आणि त्यांनी तो मान्य केला.

पुण्याला राहणारे, येथली घरे कुलूपबंद ठेवणारे चार सभासद मात्र वेगळे बोलत होते. आम्ही पाणी वापरतच नाही, तर पैसे का, असा त्यांचा प्रश्न होता. टँकरच्या बाबतीत त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. बोअर, रखवालदार, रंगकाम या बाबतीत नाही. घर बंद असले तरी मालकी त्यांचीच आहे आणि इमारतीची किंमत टिकते ती या खर्चांमुळेच.

वीस सभासदांच्या सह्यांचे पत्र दिल्यावर जूनमध्ये विशेष सभा झाली. मी हिशेब पाहायला मागितले तेव्हा सचिवांनी फाइलमधून एक पिवळा कागद काढला. त्यावर पेन्सिलीने फूट, दर आणि केसिंगची, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपची, लांबी लिहिली होती. खाली सही होती, पण बिल क्रमांक नव्हता आणि दुसऱ्या कोणाचेही दरपत्रक जोडलेले नव्हते. तो कागद सभेत हातोहात फिरला. शेवटी ठेकेदाराकडून रीतसर बिल आणावे, ते आल्यावरच वसुली करावी आणि मर्यादेपलीकडच्या प्रत्येक कामासाठी किमान तीन दरपत्रके सभेपुढे ठेवावीत, असे ठराव मंजूर झाले.

रीतसर बिल जुलैत आले. काकांनी दुसऱ्याच दिवशी ४,८०० रुपयांचा धनादेश दिला आणि सोबतच्या पत्रात ‘हरकत नोंदवून रक्कम भरीत आहे’ एवढी एक ओळ लिहिली. सचिवांनी त्या पत्राची पोच दिली आणि ते फाइलला लावले.