थारचं नाक वर आलं, पण रुबाबापुरतं नाही

माझी महिंद्रा थार 2013 सालची, सीआरडीई (डिझेल इंजिनवाली). आधीच्या मालकाने पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं जड यंत्र) बसवलेलं, त्यात गाडीचं वय. नाक खाली गेलं होतं आणि उजवीकडे जरा जास्तच. पावसाळ्यानंतर आमच्या शेतरस्त्याला काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडतात. मधल्या वरंब्याला गाडीचं पोट घासायला लागलं, तेव्हा उंचीचं मनावर घेतलं.

या जुन्या थारला स्प्रिंग म्हणून पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे. (2020 ची नवी थार चारही चाकांना कॉइल स्प्रिंग घेऊन आली, तिथे हा खटाटोपच नाही.) टॉर्शन बार म्हणजे लांब पोलादी दांडा. एक टोक चाक धरणाऱ्या आर्ममध्ये, दुसरं चॅसिसच्या आडव्या चॅनलपाशी एका बोल्टवर टेकलेलं. ओली सोलापुरी चादर दोघांनी धरून पिळावी तसा तो पिळला जातो. बोल्ट आवळला की नाक वर, सैल केला की खाली.

बोल्ट आवळून स्प्रिंग कडक होते असं सर्रास बोललं जातं. तसं नसतं. बार किती कडक हे त्याच्या जाडी-लांबीवर ठरतं. बोल्ट फक्त चाक कुठल्या उंचीवर थांबेल ते ठरवतो. तरी जास्त आवळलेली गाडी आदळते, कारण चाकाला खाली लोंबायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात आर्म रबरी स्टॉपवर आपटतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांचं पहिलं वाक्य, “मालक, दोन इंच उचलून टाकू की ओ! रुबाब बघा मग.” मी म्हटलं, रुबाब राहू द्या, सरळ करून द्या. फार उचललं की चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो, त्याच्या सांध्यांचे (सीव्ही जॉइंट) रबरी बूट फाटतात, आणि तो खर्च माझ्याच माथी. ते हसले, पण ऐकलं.

खरं काम मोजण्याचं. सपाट काँक्रीट, दोन्ही बाजूंना सारखी हवा, मागचं सामान उतरवलेलं. टेप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत लावायची. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही आकड्यात येते. उजवी बाजू डावीपेक्षा 18 मिलिमीटर खाली निघाली. पुढचा कोपरा झुकला म्हणून दोष पुढचाच असतो असं नाही, त्यामुळे आधी मागचे पाटे, त्यांचे रबरी बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा हलता दुवा) बघितले. एक शॅकल जाम होता. तो सोडवून ग्रीस भरलं, तर फरक तिथेच थोडा कमी झाला.

मग बोल्ट. आट्यांत माती भाजल्यासारखी बसलेली. वायर ब्रश मारला, गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मूळ जागेवर पिवळ्या रंगाची खूण केली, चॅसिसखाली स्टँड लावून पुढची चाकं मोकळी लोंबू दिली. चाकांवर वजन असताना पाना चालवला तर आटे जातात. अर्धा फेरा, गाडी खाली, मग मागे-पुढे ढकलायची आणि बॉनेट दाबून हलवायचं. जॅकवरून उतरलेली चाकं जमिनीला धरून बसतात, लगेच मोजलं तर आकडा खोटा येतो. उजवीकडे उचललं की डावीकडचा आकडाही हलतो, म्हणून दोन्हीकडे आलटूनपालटून. शेवटी फरक 3 मिलिमीटरवर आला आणि मी थांबवलं. मिस्त्रींना अजून अर्धा फेरा मारायचाच होता.

उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती) दोन्ही बदलतात, त्यामुळे तिथूनच गाडी अलाइनमेंटला नेली. हेडलाइटही खाली करून घेतले, नाहीतर पुणे हायवेवर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. काही आठवडे शेतरस्त्यावर फिरवून पुन्हा टेप लावली, उजवी बाजू किंचित बसली होती. तेव्हा मिस्त्रींना त्यांचा तो अर्धा फेरा मारू दिला.