त्यांनाच विचारा

बास्केटबॉल सामन्याच्या चौथ्या क्वार्टरची दीड मिनिटं उरली होती, फरक एका गुणाचा, आणि दोन शिट्या एकदम वाजल्या. एक माझी, एक आमच्या मुख्य पंचांची.

रिंगकडे झेपावणारा खेळाडू आणि वाटेतला बचावपटू धडकले की फाउल कोणाचा, बचावपटूचा (ब्लॉक) की झेपावणाऱ्याचा (चार्ज), हे ठरवायला निमिषभरच मिळतं. त्यात दोन पंचांनी उलटसुलट खुणा केल्या तर सगळ्यांसमोर शोभा. म्हणून आमच्यात ठरलेलं असतं: दोघांनी नुसती मूठ वर धरायची, एकमेकांकडे बघायचं आणि ज्याच्या हद्दीतला प्रसंग असेल त्याने निकाल द्यायचा.

हद्द माझी होती. रिंगमागच्या रेषेवर, बेसलाइनवर, लीड पंचाच्या जागी मी उभी होते. पण पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधला हा माझा पहिलाच सामना, आणि मुख्य पंच अनेक वर्षांचे मुरलेले. वाटलं, घेतील आता ओढून. त्यांनी हनुवटीनेच खूण केली: तुझा.

मी मूठ तळहातावर आपटली. चार्ज. चेंडू हातातून सुटायच्या आधीच धडक झाली होती, त्यामुळे बास्केटही रद्द.

कोच तणतणत आले ते माझ्या बाजूने थेट मुख्य पंचांकडे. "जरा सांगा त्यांना, शेवटच्या दोन मिनिटांत असले कॉल देत नाहीत." मी तीन फुटांवर होते.

"कॉल त्यांचा आहे. त्यांनाच विचारा."

विचारावं लागलं. मी म्हटलं, "समोर तोंड, दोन्ही पाय आधीच टेकलेले, धडक छातीत." ते पुटपुटत बेंचकडे गेले.

खेळाडूचं मात्र वेगळंच. माझ्याहून दीडेक फूट उंच तो गडी माझ्याशीच हुज्जत घालायला लागला, "तो हलत होता! हलत होता!" मला बरं वाटलं, खरं सांगते. तो पंचाशी भांडत होता, बाईशी नाही. (हलणं हा गुन्हा नाही. एकदा जागा घेतली की बचावपटूला बाजूला, मागे सरकता येतं. हे निम्म्या खेळाडूंना पटत नाही.)

सामन्याआधी कपडे बदलायला मला सामानाची खोली मिळाली होती, जाळ्यांच्या गुंडाळ्यांमध्ये. तिथे बूट बांधताना व्हायोलेट पामर आठवली. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगने 1997 साली तिला आणि डी कँटनरला पंच म्हणून घेतलं. त्यानंतर तिसरी पूर्णवेळ बाई, लॉरेन होल्टकॅम्प, यायला 2014 उजाडलं. मधली सतरा वर्षं दार बंद कोणी केलं होतं, असं नाही. कोणी उघडलंही नाही, इतकंच.

रात्री आम्ही तिघं पंच व्हिडिओ बघायला बसलो. चार्जवर मुख्य पंच दहा सेकंदही थांबले नाहीत. शाबासकीची वाट बघत होते मी, कबूल करते. त्यांनी तिसरा क्वार्टर लावला आणि चित्र थांबवलं. माझ्यापासून चार पावलांवर एका खेळाडूचा टेकलेला पाय सरळ उचलून पुन्हा ठेवलेला, आणि चेंडू अजून हातात. ढळढळीत ट्रॅव्हलिंग, चेंडू घेऊन बेकायदा पाऊल.

"हे कुठे गेलं?"

"मी बचावपटूकडे बघत होते," मी म्हटलं.

त्यांनी चित्र मागे नेलं आणि पुन्हा लावलं.