अळूचं पान

“हितं किडीनं खाल्लंन वाटतं. हे बाकी अगदी खरं जमलंय हो.”

शेजारच्या काकू पडवीत उभ्या होत्या. बोट माझ्या तांब्याच्या पानावरच्या नेमक्या त्या भोकावर.

ते भोक म्हणजे माझा आळस. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होत जातो. मधेमधे लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की परत मऊ पडतो. (पोलादाचं बरोब्बर उलट.) काल पाऊस आला, गॅस पुन्हा पेटवायचा कंटाळा केला. म्हटलं, अजून चार ठोके. तिसऱ्यालाच कडेजवळ चीर गेली. कानशीने घासून घासून तिचं भोक झालं.

शिरा मात्र राळेवर पत्रा पालथा ठेवून, बोथट छिन्नीने मागून उठवलेल्या. तीन दिवस गेले त्यात. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही!

वर पानावर लोटीतलं पाणी ओतलं. ते पसरलं आणि तिथेच चिकटून बसलं. “अळवावर पाणी ठरत नाही रे,” म्हणाल्या, आणि हसत गेल्या.

मग परसात गेलो. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, पाऊणएक डझन पानं. एकही धड नाही. कुणाला भोकं, कुणाची कड करपलेली. आणि मी गुहागरात बसून, परसापासून वीस पावलांवर, फोनमधला फोटो बघून पान घडवत होतो.

आता दुसरं घेतलंय. यात भोक मुद्दाम पाडलं, तर काकूंना कळेल का हो?