आधी बैठक, मग ओटा: आमची वाटचाल

सुरुवातीची काही वर्षं आम्ही खुर्चीला हातच लावला नाही. भावाकडे वेल्डिंग, माझ्याकडे मोजमाप आणि हिशेब, शिवाय एक सुतार, एवढाच आमचा पसारा. अंगणात किंवा गच्चीवर बाहेरचं स्वयंपाकघर करून द्यायचं, ग्रिल बसवायची, सिंक जोडायचं, बिल हातात ठेवायचं आणि निघायचं. बसायचं कुठे ते गिऱ्हाईक बघून घेईल, असा आमचा खाक्या होता.

तो मोडला आमच्या पहिल्या मोठ्या कामात. एल आकाराचा ओटा, लांब बाजूच्या मधोमध झाकणाची ग्रिल आणि तिच्या बरोबर पलीकडे सहा उंच स्टुलं. कागदावर चित्र झकास दिसत होतं. यजमान भाजतोय, समोर पाहुणे गप्पा मारत बसलेत. पहिल्याच मेजवानीला आम्हालाही बोलावलं होतं. अर्ध्या तासात सहाही स्टुलं रिकामी झाली. झाकणाच्या बऱ्याच ग्रिलांची गरम हवा आणि धूर मागच्या फटीतून बाहेर पडतो. भाजणाऱ्याला त्याचा त्रास नसतो, आणि आम्ही पाहुण्यांना नेमकं त्या फटीच्या तोंडाशी बसवलं होतं. मंडळी एकेक करून घरात गेली. बाहेर यजमान एकटा, हातात चिमटा. निघताना घरच्या बाई एवढंच म्हणाल्या, "ओटा छान झालाय हो." त्या 'हो'ने आम्ही दोघं घरी येईपर्यंत गप्प होतो.

दुसऱ्या आठवड्यात स्वखर्चाने सगळं हलवलं. स्टुलं एलच्या आखूड बाजूला नेली. तिथून भाजणाऱ्याशी बोलता येतं आणि धूर तोंडावर येत नाही. पण तिथे दुसरंच दुखणं निघालं. ओट्याचा दगड खालच्या भिंतीशी बरोबरीत कापलेला, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे थेट भिंतीवर. मग नवा दगड 12 इंच बाहेर काढला आणि खाली लोखंडी आधार दिले. त्या कामातला नफा तिथेच संपला.

तेव्हापासून कारखान्याच्या भिंतीवर खडूने काही आकडे लिहिलेले आहेत. पावसाळी ओल आली की पुसट होतात, मग भाऊ पुन्हा गिरवतो. ओटा 36 इंच उंच असेल तर स्टुलाची बैठक 24 ते 26 इंच, आणि 42 इंचांचा बार असेल तर 30. दोन्हींत 10-12 इंचांचा फरक राहिला की मांड्या अडकत नाहीत आणि कोपरंही खांद्यापर्यंत उचलावी लागत नाहीत. माणशी 24 इंच रुंदी लागते. हात असलेली किंवा फिरती स्टुलं असतील तर आणखी चार-सहा इंच सोडायचे. बसलेल्याच्या पाठीमागून कोणी ये-जा करणार असेल तर तीन फूट हवेत. तिथूनच गरम भांडी जाणार असतील तर मी पावणेचार फुटांच्या खाली येत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो.

पाय टेकायची दांडी हा भावाचा हट्ट. उंच स्टुलावर पाय लोंबकळत राहिले की माणूस थोड्या वेळात चुळबुळायला लागतो. आता आम्ही ओट्याखालीच पाइप वेल्ड करून देतो.

खोल, बुटक्या सोफ्यांची फॅशन आहे. आम्ही बनवतो, पण माझं मत विचाराल तर जेवायच्या ठिकाणी ते नकोत. त्यात बसलेला माणूस मांडीवर ताट धरून पुढे वाकत राहतो. जेवायला साधी 17-18 इंचांची खुर्ची आणि 29-30 इंचांचं टेबल. सोफा त्याच्या पलीकडे, ताटं उचलल्यानंतरच्या गप्पांसाठी.

गाद्यांनीही आम्हाला शिकवलं. पहिल्या खेपेला घरातल्या सोफ्याचाच फोम आणि कापड वापरलं. दोन-चार पाऊस झाले आणि आतून कुबट वास, शिवणीला काळी बुरशी. पैसे परत केले. आता मोठ्या उघड्या छिद्रांचा फोम वापरतो, पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. खाली जाळीचं कापड लावतो. वरचं कापड सूत काढतानाच रंग मिसळलेल्या ॲक्रिलिकचं, कारण छापील रंग उन्हात लवकर उडतो. तरीही गाद्या ठेवायला कोरडी पेटी नसेल तर गाद्या घेऊच नका, असं मी सांगतो. त्यात माझंच गिऱ्हाईक जातं, पण तक्रारीचा फोन तर येत नाही.

फोन येतात ते सागवानाचे. "लाकूड खराब झालं, पांढरं पडलं." सागवान बाहेर ठेवलं की करडं होतंच, तो उन्हापावसाने बदललेला वरचा रंग असतो, कूज नव्हे. आवडत नसेल तर घासून तेल लावावं. लोखंडाला आम्ही आता हात लावत नाही, पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम बरं. समुद्राजवळ स्टील हवंच असेल तर 304 ऐवजी 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील, खारी हवा ते जास्त सोसतं.

फरशीचा उतार मात्र नकाशात कधीच दिसत नाही. उघड्या फरशीला पाणी वाहून जायला फुटामागे पाव इंच उतार लागतो, आणि त्यावर टेबल-खुर्च्या डुगडुगतात. पाचर मारणं हा काही इलाज नव्हे. टेबलाच्या आणि बाकाच्या चारही पायांना आट्यांचे, वरखाली होणारे बूट बसवतो.

आता कामाची सुरुवात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी होते. ज्या वेळी घरचे पाहुणे बोलावतात त्याच वेळी आम्ही जातो, खुर्च्या मांडतो आणि घरच्यांना त्यावर बसवतो. काठीला कापडाची पट्टी बांधून वारा बघतो. मावळतीचं ऊन कोणाच्या डोळ्यांत जातंय ते कळतं. छत्री कुठे उभी करायची तेही ठरतं. विस्तवाच्या वर तर मुळीच नाही. दिव्याचंही तेव्हाच बघतो. उजेड भाजणाऱ्याच्या हातावर पडावा, समोर बसलेल्याच्या डोळ्यांत नको. हे सगळं झालं की मग फरशीवर ओट्याची रेघ ओढायची. आमचा सुतार पहिल्यांदा हे बघून म्हणाला होता, "आधी कळस मग पाया, असं चाललंय तुमचं." आता खुर्च्या टेम्पोत तोच चढवतो.

माणसं वाढली, आम्ही सहा जण झालो. सध्या भाऊ घडीच्या स्टुलावर अडलाय. पाठ टेकता आली पाहिजे आणि घडी करून ओट्याखाली सरकलंही पाहिजे. तीन नमुने झाले. तिसरं मी बसून पाहिलं, बिजागरीत बोट चिमटलं. चौथ्याचे पाइप कापून पडलेत.